पाळीव उंदराचे ‘न उतरलेले’ वृषण

इंग्लंड-अमेरिकेत लोक हौसेने उंदीर पाळतात, हे ऐकून आपल्यापैकी पुष्कळांना हसू येईल. परंतु राणी व्हिक्टोरियाच्या अमदानीत लंडनचा जॅक ब्लॅक नावाचा उंदीर पकडणारा निराळ्या रंगाचे उंदीर न मारता त्यांची पैदास करून विकीत असे. तेव्हापासूनची ही हौस आहे. अशा हौशी माणसाला एखादे दिवशी भलतीच भीती पडते. काल दिसत होते ते नराचे वृषण आज दिसेनासे होतात!

भिण्याचे कारण बहुधा नसते. मनुष्यात वृषण खाली उतरल्यावर जांघेतील मार्ग सामान्यतः मिटतो. उंदरात तो जन्मभर उघडा राहतो. थंडी वाजली, भय वाटले किंवा अनोळखी हाताने उचलले की स्नायू आखडतात आणि वृषण सरळ पोटात जातात. प्राणी उबेत निजला की ते पुन्हा खाली येतात. तेव्हा परीक्षा करावयाची ती अशा निवांत वेळी. लहान पिल्लांत तर केवळ वृषण दिसत नाहीत म्हणून नराला मादी समजणे ही नेहमीची चूक होय. उंदीर पाचसहा आठवड्यांतच वयात येतो आणि मादीचा गर्भकाळ अवघा २१ ते २३ दिवसांचा. चुकीचा हिशेब लौकरच पिंजऱ्यात वळवळू लागतो.

खरोखर न उतरलेला वृषण क्वचित आढळतो. पूर्ण वाढ झाल्यावरही एक बाजू सदैव रिकामी लागली, तर पशुवैद्याला दाखवावे. शुक्रबीज तयार होण्यास शरीरापेक्षा थोडी कमी उष्णता लागते. म्हणून पोटात अडकलेला वृषण त्या कामी निरुपयोगी ठरतो. (हत्तीचे वृषण मात्र जन्मभर पोटातच असतात, आणि त्याचे काही अडत नाही!) पुरुषत्वाचा अंतःस्राव मात्र असा वृषणही सोडीत राहतो. त्यामुळे खच्ची करताना बाहेरचा एकच काढला, तर भांडखोरपणा व जागोजाग मूत्राचे थेंब टाकण्याची खोड तशीच राहते. दोन्ही काढले पाहिजेत, मग पोट उघडावे लागले तरी.

शस्त्रक्रियेतील खरी मेख तोच उघडा मार्ग आहे. तो शिवून बंद न केल्यास त्यातून आतडे खाली उतरण्याचा धोका असतो. उंदराला ओकारी होत नाही. म्हणून भूल देण्यापूर्वी कुत्र्यामांजराप्रमाणे त्याला रात्रभर उपाशी ठेवण्याचे कारण नाही, उलट एवढ्याशा देहाला उपास बाधतो. भुलीत अंग झपाट्याने गार पडते, यास्तव ऊब द्यावी लागते. टाके कातडीखाली घालणे बरे, कारण वरचे टाके तो दातांनी कुरतडून काढतो. जखम भरेपर्यंत पिंजऱ्यात भुसा न घालता स्वच्छ कागद किंवा फडके अंथरावे.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. शस्त्रक्रियेनंतरही शरीरात साठलेले शुक्रबीज काही काळ टिकते, तेव्हा निदान तीनचार आठवडे त्या नरास मादीपासून वेगळे ठेवावे.