पेठेचा क्लब विकत मिळत नाही

फुटबॉल क्लब नेमका कुणाचा असतो? पैसा घालणाऱ्याचा, खेळणाऱ्याचा, की उन्हात बसून ओरडणाऱ्याचा? मीरा-भाईंदरमध्ये फुटबॉल म्हणजे बऱ्याच पोरांसाठी तासाच्या भाड्यावर मिळणारं टर्फ. तिथे हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. कोल्हापुरात मात्र शाळकरी पोरगाही उत्तर देईल की क्लब पेठेचा. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने तिथे कुस्ती फोफावली, खासबागचं मैदान उभं राहिलं आणि पेठापेठांतल्या तालमी नावारूपाला आल्या. संस्थानी काळात फुटबॉल आला आणि पुढे याच तालमींनी तो आपलासा केला. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ ही नावं मुळात आखाड्यांची आहेत. आज शाहू स्टेडियमवर कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या लीगमध्ये तीच नावं जर्सीवर दिसतात.

या क्लबांचं वेगळेपण इथेच आहे. फुटबॉल हे तालमीच्या अनेक कामांपैकी एक काम. तीच तालीम गणपती बसवते, कित्येक तालमींत मोहरमचे पंजेही बसतात, अडीनडीला पेठेतली माणसं तिथेच जमतात. संघाचा खर्च वर्गणीतून आणि पेठेतल्या व्यापाऱ्यांच्या, पुढाऱ्यांच्या देणग्यांतून निघतो. साहजिकच सामना हा केवळ अकरा जणांचा राहत नाही. मंगळवार पेठेतला पाटाकडील आणि शिवाजी पेठेतला एखादा संघ समोरासमोर आले की दोन्ही पेठांचा मान पणाला लागतो. वर्ल्ड कपच्या महिन्यात याच गल्ल्यांत ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे लागतात, चौकाचौकांत मेस्सी-नेमारचे फलक उभे राहतात. फुटबॉल ज्यांच्या घरातलाच आहे, त्यांना परदेशी संघही आपला वाटतो.

आता दुसरी बाजू पाहू. मुंबईचा महिंद्र युनायटेड 2005-06 मध्ये राष्ट्रीय लीगचा विजेता होता, 2010 मध्ये कंपनीने तो बंद केला. पंजाबातल्या फगवाड्याचा जेसीटी 1996-97 च्या पहिल्याच राष्ट्रीय लीगचा मानकरी होता, 2011 मध्ये तोही गेला. गोव्याच्या धेंपोने पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, पण 2016 मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा आय-लीगमधून बाहेर पडले. गोव्याच्या बाबतीत महासंघाच्या धोरणावरची नाराजी हे कारण होतं, इतर दोन ठिकाणी कंपन्यांचे हिशेब. कारण काहीही असो, निर्णय कचेरीत झाला आणि प्रेक्षकाला तो वर्तमानपत्रातून कळला. तालमीचा संघ असा एका ठरावाने बंद करता येत नाही.

यावर कुणी म्हणेल, पेठेचे संघ टिकले कारण त्यांचा खर्चच थोडा. देशपातळीवर उतरले असते तर तेही बुडाले असते. आक्षेप रास्त आहे. त्याचं उत्तर ब्राझीलच्या ईशान्येकडच्या रेसिफे शहरात सापडतं. तिथला सांताक्रूझ हा क्लब 1914 मध्ये काही किशोरवयीन मुलांनी काढला आणि ज्या चर्चच्या अंगणात ती खेळायची त्याचंच नाव त्याला दिलं. 2006 मध्ये हा संघ ब्राझीलच्या अव्वल श्रेणीत होता. पुढच्या तीन वर्षांत तो घसरत घसरत थेट चौथ्या श्रेणीत गेला. कंपनीच्या क्लबला कुलूप लागायला एवढं पुरेसं झालं असतं. पण 2011 मध्ये, चौथ्या श्रेणीत खेळत असतानाही, सांताक्रूझच्या सामन्यांना अव्वल श्रेणीतल्या बहुतेक क्लबांपेक्षा जास्त गर्दी होती. संघ हरत होता, तरी लोक हटले नाहीत, आणि 2016 मध्ये तो पुन्हा अव्वल श्रेणीत खेळला. थोडक्यात, पैसा संघाला वर नेतो, पण पडल्यावर त्याला धरून ठेवतात ती माणसं.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. पेठेच्या अभिमानातून हुल्लडबाजी होते, दगडफेक होते, सामने पोलीस बंदोबस्तात खेळवावे लागतात. हे खरं आहे आणि त्याचं समर्थन होऊच शकत नाही. ईर्षेच्या या राजकारणात खेळ मागे पडतो, असंही म्हणतात. कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 मध्ये सतरा वर्षांखालील वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळला, पण त्याला घडवण्यात पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीचा वाटा मोठा होता. म्हणजे पेठ खेळाची गोडी लावते, शास्त्रशुद्ध प्रशिक्षण मात्र दुसऱ्या कुणाला द्यावं लागतं. तालमींनी हे मान्य करून प्रशिक्षक आणि लहान मुलांचे संघ यांवर पैसा लावायला हवा. बाहेरचे, अगदी आफ्रिकेतले खेळाडू आणण्यावर तो खर्च होतोच आहे. पण हुल्लडबाजीवरचा उपाय म्हणून पेठेचं नावच पुसलं, तर हुल्लडबाजांसोबत प्रेक्षकही जातील आणि हाती रिकामं स्टेडियम उरेल.

आता पुन्हा आपल्या मीरा-भाईंदरकडे येऊ. इथली महापालिका 2002 ची. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या आठ लाखांच्या वर गेली होती आणि त्यातले बहुसंख्य बाहेरून आलेले. इथे पेठा नाहीत, हे कबूल. पण उत्तन, डोंगरी, राई, मुर्धे ही जुनी गावं आहेत, शेकडो सोसायट्या आहेत, गणेश मंडळं आहेत. कोल्हापुरात क्लब घडला तो अशाच आधीपासून जमलेल्या माणसांतून. त्यामुळे इथल्या नगरसेवकांकडे एखाद्या मोठ्या लीगचा संघ मागण्यात अर्थ नाही. मागायचंच असेल तर दर प्रभागात मुलांना फुकट खेळता येईल असं एक मैदान मागा. त्यावर उतरणाऱ्या संघाला गावाचं किंवा वस्तीचं नाव द्या आणि तो हरला तरी पुढच्या रविवारी बघायला जा.