घसारा : महागड्या मोटारसायकलची किंमत जाते कुठे?

वसमतला हळदीची पट्टी हातात आली की बऱ्याच घरांत मागणी येते, "बाबा, या वर्षी मोठी गाडी!" हळद नीट साठवली तर भावाची वाट बघता येते. गाडीचं तसं नाही. ती उभी असली तरी तिची किंमत उतरते. यालाच घसारा म्हणतात. आठवीच्या गणितात चक्रवाढ व्याजाच्या धड्यात आपण तो शिकवतो. फक्त इथे दर मिळवायचा नाही, वजा करायचा.

समजा, शोरूम किंमत २,५०,००० रुपये आणि घट दरसाल २० टक्के.

१ वर्षानंतर : २,००,००० रुपये
२ वर्षांनंतर : १,६०,००० रुपये
३ वर्षांनंतर : १,२८,००० रुपये

पहिल्या वर्षी ५० हजार गेले, तिसऱ्या वर्षी ३२ हजार. म्हणजे सर्वात मोठा फटका नव्या गाडीच्या पहिल्या मालकाला बसतो.

किंमत का उतरते?

१) वाहनकर, नोंदणी आणि विम्याचे पैसे विकताना वेगळे परत मिळत नाहीत.

२) महाग गाडीला गिऱ्हाईक कमी. सुटे भाग महाग आणि सर्व्हिसिंगला नांदेड गाठावं लागत असेल, तर घेणारा भाव पाडूनच मागतो.

३) कंपनीचा भरवसा. २०२० मध्ये हार्ले-डेव्हिडसनने भारतातलं उत्पादन थांबवलं, तेव्हा जुन्या मालकांना पहिली काळजी सुट्या भागांचीच होती.

४) नव्या गाडीचा भाव. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. नवीच स्वस्त मिळाली, तर जुनीला जास्त पैसे कोण देणार?

विमा कंपनीही गाडीची किंमत वयानुसार धरते. एक ते दोन वर्षांच्या गाडीला २० टक्के वजावट, चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के. तीही नव्या गाडीच्या चालू किमतीवरून.

आता घरचा हिशोब

कर, विमा धरून गाडी २,९०,००० रुपयांना पडली आणि दोन वर्षांनी १,६०,००० ला विकली. तोटा १,३०,०००. भागिले २४ महिने, म्हणजे महिन्याला सुमारे ५,४०० रुपये! पेट्रोल आणि कर्जाचं व्याज वेगळंच.

मुलाला "नाही" म्हणण्याआधी हे गणित त्यालाच मांडायला सांगा. दोन-तीन वर्षं वापरलेली, सर्व्हिसची नोंद असलेली गाडी घेतली तर काय फरक पडतो, तेही त्यालाच काढू द्या. मग निर्णय दोघांनी मिळून घ्या.