ताऱ्यांच्या चुंबकीय कमानी
आमच्या वऱ्हाडांत तळणी येथें ता. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणांत अ‍ॅनी माँडर या विदुषीनें सूर्याच्या प्रभामंडलाचा सुमारें ६० लक्ष मैल लांब झोत छायाचित्रांत टिपला. सूर्यानजीक हा १० लक्ष अंशांहून तप्त वायु चुंबकीय कमानींत कोंडलेला असतो. वेगानें फिरणाऱ्या तरुण ताऱ्यांचे प्रखर क्ष-किरण तेथेंहि अशाच कमानी सुचवितात. परंतु हे तारे दुर्बिणींतूनहि बिंदुवतच दिसतात. म्हणून गणिती कमानींची लांबी, दाब व उष्णता कल्पून निघणारा प्रकाश प्रत्यक्षाशीं ताडतात. धुरावरून अग्नीचें अनुमान तें हेंच. स्वयंपाकघराच्या दृष्टान्ताची जागा येथें सूर्याची. मात्र थोड्या लांब वा पुष्कळ आखूड कमानी सारखाच प्रकाश देऊं शकतात. जुळलेलें गणित म्हणजे सिद्धान्त नव्हे, हें आम्हीं वडीलधाऱ्यांनीं घरांतील विद्यार्थ्यांस अवश्य सांगावें.