गाडी ओढते, पण केव्हा?

‘गाडी एका बाजूला ओढते’ ही तक्रार कुठल्याही गॅरेजात रोज ऐकू येते. मीही ती केलेली आहे, आणि तिच्यापायी दोनदा पैसे वाया घालवलेले आहेत. तिसऱ्या वेळी मात्र घाटात असा धडा मिळाला, की तो आपल्याला सांगावासा वाटतो.

आम्ही कोयनानगरहून चिपळूणला निघालो होतो. गाडीत पत्नी, मुलगी आणि माझी आई. कुंभार्ली घाट उतरताना एका वळणावर अचानक रेडकू आडवं आलं. मी ब्रेकवर जवळजवळ उभाच राहिलो. गाडी थांबली, रेडकू निघून गेलं. सगळ्यांच्या जिवात जीव आला. पण पुन्हा निघालो, तर स्टिअरिंग हातातून डावीकडे निसटू लागलं. घाटात डावीकडे कधी डोंगर असतो, तर कधी दरी! दुसऱ्या गिअरमध्ये हळूहळू रुंद जागा गाठली आणि उतरलो. टायरमध्ये हवा ठीक होती. पुढचं डावं चाक मात्र असं तापलं होतं, की जवळ नेलेला हात चटकन मागं घ्यावा लागला. जळका वासही येत होता.

अर्धा तास थांबलो आणि गाडी काढली, तर ती सरळ चालू लागली! शहरातही हेच झालं होतं. गॅरेजला पोचेपर्यंत गाडी शहाण्यासारखी वागायची. मग तिथं चाकांचं अलाइनमेंट करून द्यायचे आणि मी पैसे देऊन घरी यायचो.

चिपळूणच्या मेस्त्रींनी गाडीला हात लावण्याआधी एकच प्रश्न विचारला, ‘साहेब, पाय ब्रेकवर असताना ओढते, की पाय काढल्यावर?’ हा प्रश्न मला त्याआधी कोणी विचारला नव्हता, आणि मीही स्वतःला विचारला नव्हता.

या प्रश्नाच्या उत्तरावर बरंच काही अवलंबून असतं. गाडी सदासर्वदा एकीकडे जात असेल, तर टायरमधली हवा आणि अलाइनमेंट तपासावं. आपले रस्ते पाणी वाहून जावं म्हणून कडेला उतरते असतात. त्यामुळे डावीकडचा किंचित कल हा दोषही नसतो. गाडी फक्त ब्रेक दाबलेला असताना ओढत असेल, तर बहुधा एका चाकाचा ब्रेक कमी लागतो आहे. पॅडवर तेल गेलेलं असेल किंवा पिस्टन अडकलेला असेल. इथं गंमत अशी, की गाडी ओढते चांगल्या ब्रेकच्या बाजूला. म्हणजे डावीकडे ओढली तर दोष उजव्या चाकात शोधायचा. जोराच्या ब्रेकलाच झटका देऊन वळत असेल, तर चाक धरून ठेवणाऱ्या लोअर आर्मचा बुश झिजला आहे का, तेही पाहावं.

आणि पाय काढल्यावरही ओढतच राहिली, तर? तेव्हा त्या बाजूचा ब्रेक सुटलेलाच नसतो. इथं मात्र ज्या बाजूला ओढते, त्याच चाकात दोष असतो.

मेस्त्रींनी डावं चाक जॅकवर उचललं. पोराला चार-पाच वेळा ब्रेक जोरात दाबून सोडायला सांगितलं. चाक हातानं फिरेना. मग लोखंडी नळी आणि रबरी होज जिथं जुळतात, तो वरचा जोड त्यांनी जरासा सैल केला. चाक तसंच घट्ट. जोड आवळून खाली कॅलिपरचं निपल सैल केलं. ब्रेक ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळं झालं! वरचा जोड सोडून दाब गेला नाही, निपल सोडताच गेला. याचा अर्थ तो मधल्या होजमध्येच अडकला होता. निपल उघडूनही चाक सुटलं नसतं, तर दोष कॅलिपरच्या पिस्टनचा किंवा पिनांचा ठरला असता.

होज बाहेरून धडधाकट दिसत होता, पण आतून फुगून त्याची वाट अरुंद झाली होती. पाय जोर लावतो, तेव्हा ऑइल त्यातून पुढं रेटलं जातं. परत येताना मागं जोर नसतो, त्यामुळे ते अडकतं. पॅड डिस्कला घासत राहतात. थोड्या वेळानं ऑइल झिरपून परत येतं आणि पुरावा नाहीसा होतो!

मेस्त्रींनी दोन्ही बाजूंचे होज बदलले, कारण दोन्हींचं वय एकच. पॅडही जोडीनंच बदलले. जुनं ऑइल काढून नवं भरलं, हवा काढली. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ३ जातीचं नवं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा शिरलेल्या ऑइलची हीच मर्यादा १४० अंशांवर येते. तापलेल्या चाकाशी असं ऑइल उकळलं, तर त्यात वाफ होते आणि पेडल थेट खाली जातं. त्या दिवशी घाटात आणखी दोन-तीन मैल तसाच रेटत गेलो असतो, तर काय झालं असतं, याचा विचारही नको वाटतो. म्हणून साधारण दोन वर्षांनी ऑइल बदलून घ्यावं.

असा प्रसंग आला, तर गाडी तशीच दामटू नये. तापलेल्या चाकावर पाणी ओतू नये. ते आपसूक निवू द्यावं. त्यानंतर गाडी सरळ चालली, तरी दुरुस्त झाली असं समजू नये. गाडी केव्हा ओढली, कुठल्या बाजूला, पाय ब्रेकवर होता की नव्हता, कुठलं चाक तापलं, हे लिहून ठेवावं. माझ्या गाडीत आता त्यासाठी एक छोटी वही असते. गॅरेजात गेल्यावर मी आधी ती वाचून दाखवतो, आणि मगच किल्ली देतो.