बर्फावरच्या पायऱ्या

मुलांनो, काश्मीरमधील गुलमर्गचे नाव तुम्ही ऐकले असेल. हिवाळ्यात तेथील डोंगरउतार बर्फाने झाकले जातात. तेथे मुले स्कीइंग शिकतात. स्की म्हणजे बुटांना जोडलेल्या दोन लांब, अरुंद पट्ट्या. स्नोबोर्डिंगमध्ये मात्र दोन्ही पाय एकाच रुंद फळीवर असतात.

हा खेळ पायरीपायरीने शिकतात. पहिली पायरी म्हणजे सपाट बर्फावर चालणे. दुसरी मोठी गमतीची : मुद्दाम पडायचे आणि आपले आपण उठायचे! तिसरी पायरी थांबण्याची. स्कींची पुढची टोके जवळ आणली व मागची दूर केली, की उर्दूतील आठच्या आकड्यासारखा आकार होतो. स्कींच्या कडा बर्फात रुततात आणि वेग कमी होतो. चौथ्या पायरीवर मुले ओळीने ठेवलेल्या खुणांभोवती वळणे घेतात. ज्याला थांबता येत नाही, त्याने उंच उतारावर जाऊ नये. तो स्वतः पडेल आणि दुसऱ्यालाही पाडेल.

काश्मीरचे आरिफ खान चार वर्षांचे असताना स्कीइंग शिकू लागले. २०२२ साली बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये ते भारताचे एकमेव खेळाडू होते.

सांगा बरे, सायकल शिकताना आधी काय यायला हवे, वेग की ब्रेक?