बेसचा खर्ज आणि पिकअपची पारख

वसई-विरार पट्ट्याला पाश्चात्त्य संगीत नवे नाही. चर्चमधील गायनवृंद, लग्नसमारंभातील बँड आणि सणासुदीचे ऑर्केस्ट्रा यांच्यामुळे गिटार, व्हायोलिन, की-बोर्ड ही वाद्ये येथील अनेक घरांत पोहोचली आहेत. त्यातूनच एखादा हौशी वादक सुताराच्या मदतीने लाकूड कापून, सुटे भाग जमवून घरीच बेस गिटार बांधायला घेतो. वाद्य उभे राहते, सुरातही लागते. पण अॅम्प्लिफायरला जोडताच घुमणारा खर्ज येण्याऐवजी येते ती गढूळ घरघर. मग दोष पिकअपचा ठरतो आणि लोकलने मरिन लाइन्स गाठून धोबीतलावच्या वाद्यांच्या दुकानांत नव्या पिकअपचा शोध सुरू होतो. १८६५ साली स्थापन झालेल्या ‘फुर्टाडोज’सारख्या दुकानामुळे हा परिसर मुंबईच्या वादकांना पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे.

दुकानात असो वा इंटरनेटवर, पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘कुठल्या कंपनीचा पिकअप चांगला?’ खरे तर हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारायचा असतो. घरी बांधलेल्या वाद्याच्या बाबतीत निवडीचा मोठा भाग लाकडात खाच पाडली गेली त्याच दिवशी ठरून गेलेला असतो.

पिकअप करतो काय?

तंबोऱ्याचा नाद भोपळ्यात घुमतो. भरीव लाकडाच्या बेसला असा भोपळा नसतो. त्याचे काम पिकअप करतो. चुंबकाभोवती तांब्याच्या तारेचे हजारो वेढे घातले की पिकअप तयार होतो. ही तार केसाइतकी बारीक, सुमारे ०.०६ मिलिमीटर जाडीची असते. वाद्याची पोलादी तार चुंबकासमोर कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेढ्यांत सूक्ष्म वीज निर्माण होते. मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये शोधलेले तत्त्व ते हेच. नायलॉनच्या तारा अशा पिकअपवर मुक्या राहतात, त्याचे कारणही हेच.

लिओ फेंडरच्या कंपनीने १९५१ मध्ये ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणला. १९५७ मध्ये त्याच्या पिकअपचे दोन तुकडे करण्यात आले. प्रत्येक तुकडा दोन तारांचा. १९६० मध्ये दोन सलग, अरुंद पिकअप असलेला ‘जॅझ बेस’ आला. आज घरी बांधले जाणारे बहुतेक बेस या दोहोंपैकी एका नमुन्यावर बेतलेले असतात.

आधी निदान, मग खरेदी

नवा पिकअप घेण्यापूर्वी जुन्याची फिर्याद नीट ऐकून घ्यावी. तारांना हात लावताच घरघर कमी होत असेल, तर बहुधा दोष पिकअपचा नसून आवरणाचा असतो. खाचेच्या आतून तांब्याची चिकटपट्टी लावून ती अर्थच्या वायरीला जोडली, की ही घरघर बरीच शमते. तारांना हात लावूनही काहीच फरक पडत नसेल, तर घोडीखालून निघणारी अर्थची वायर निसटली नाही ना, हे पाहावे. मात्र वाद्य हातात धरून जागच्या जागी वळल्यावर गुणगुण कमी-जास्त होत असेल, तर ती जवळच्या ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून येते आहे. तिला तांब्याची पट्टी अडवू शकत नाही. तेथे पिकअपचाच प्रकार बदलावा लागतो.

बेसवादकाला ही गुणगुण इतरांपेक्षा अधिक नडते. भारतातील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा आहे. बेसची सर्वांत जाड तार मोकळी वाजवली असता सुमारे ४१ हर्ट्झचा स्वर देते आणि त्याच तारेच्या तिसऱ्या पडद्यावरचा स्वर ४९ हर्ट्झचा असतो. म्हणजे विजेची गुणगुण नेमकी बेसच्या खर्जातच येऊन बसते. टोनची कळ फिरवून ती काढू पाहावे, तर सोबत खर्जही जातो.

यावरचा उपाय म्हणजे गुणगुण उगमापाशीच मारणारी रचना. दोन गुंडाळ्या परस्परविरुद्ध दिशेने वेढल्या आणि त्यांची चुंबकेही उलट ठेवली, की तारेचा आवाज जोडला जातो व बाहेरची गुणगुण वजा होते. प्रिसिजनच्या पिकअपचे दोन तुकडे याच तत्त्वावर चालतात. जॅझच्या जोडीत हा लाभ दोन्ही पिकअप सारख्याच जोराने चालू असतानाच मिळतो. एकटा वाजवला की गुणगुण परतते. म्हणूनच जॅझचे पिकअप जोडीने घ्यावेत. दोन वेगवेगळ्या ठिकाणचे एकत्र केल्यास गुणगुण तशीच राहू शकते किंवा त्यांच्या वायरी उलटसुलट लागल्यास आवाज पोकळ, पातळ होतो. एकटा पिकअपही शांत हवा असेल, तर जॅझच्याच आकारात दोन गुंडाळ्या सामावणारे पिकअप मिळतात.

फूटपट्टी हाती घ्या

यानंतरची पायरी मापांची. जॅझच्या जोडीतील मानेकडचा पिकअप सुमारे ९२ मिलिमीटर, तर घोडीकडचा ९५ मिलिमीटर लांब असतो. हा ३ मिलिमीटरचा फरक ध्यानात न घेता सारख्या लांबीचे दोन पिकअप आणले, तर एक खाचेत शिरत नाही किंवा दुसरा सैल राहतो. साबणाच्या वडीसारख्या दिसणाऱ्या ‘सोपबार’ पिकअपांत तर दिसायला सारखे, पण लांबी-रुंदीने भिन्न असे अनेक प्रकार आहेत. तेव्हा खाचेची लांबी, रुंदी, खोली आणि पहिल्या व चौथ्या तारेतील अंतर कागदावर उतरवूनच दुकानात जावे. हे अंतर पिकअपच्या जागी मोजावे, घोडीवर नव्हे. कारण तारा मानेकडे जाताना जवळ येतात. तारा चुंबकाच्या खुंट्यांवरून बाजूला सरकल्या, तर कडेच्या तारांचा आवाज दबतो. घरच्या बांधणीत हे अंतर प्रमाणाबाहेर असेल, तर सुट्या खुंट्यांऐवजी सलग पट्टी असलेला पिकअप सोयीचा.

नवा पिकअप लहान असेल तर उरलेली फट झाकणपट्टीने लपवता येते. मोठा असेल तर खाच वाढवावी लागते, आणि कापलेले लाकूड परत येत नाही.

जागेचे महत्त्वही येथेच कळते. मानेजवळचा पिकअप गोल, भरदार खर्ज उचलतो. घोडीजवळचा टोकदार, स्पष्ट स्वर. घोडीला चिकटून खाच पाडली असेल, तर महागडा पिकअप बसवूनही प्रिसिजनसारखा भरीव आवाज मिळणार नाही.

आकड्यांचा मोह

पिकअपच्या वेष्टनावर रोधाचा आकडा छापलेला असतो. जॅझचा साधारण ७ ते ८ किलोओहम, प्रिसिजनचा १० ते १२ किलोओहम. आकडा मोठा म्हणजे आवाज मोठा, असा समज आहे. तो अपुरा आहे. तार अधिक बारीक वापरली तरी रोध वाढतो. इतकेच काय, तापमान १० अंशांनी वाढले की तांब्याचा रोध सुमारे ४ टक्के वाढतो. चुंबक कोणते, वेढे किती आणि गुंडाळीचा आकार कसा, यांवर स्वराचा पोत ठरतो. वेढे वाढले की आवाज जाड होतो, पण वरचे स्वर बोथट होतात. अॅल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट व लोखंड यांच्या मिश्रणाचे ‘अॅल्निको’ चुंबक सामान्यतः मृदू, तर सिरॅमिक चुंबक करकरीत आवाजाचे मानले जाते. पण हा ढोबळ ठोकताळा झाला.

पिकअपसोबत आवाजाच्या कळांची किंमतही जुळली पाहिजे. जॅझ व प्रिसिजन प्रकाराला सामान्यतः २५० किलोओहमचे पॉट लावतात. बॅटरीवर चालणाऱ्या ‘अॅक्टिव्ह’ पिकअपला बहुधा २५ किलोओहमचे लागतात, शिवाय ९ व्होल्टच्या बॅटरीसाठी मागे जागा हवी. ती नसेल तर पुन्हा लाकूड पोखरणे आले.

खारी हवा आणि शेवटचा हात

वसईच्या किनाऱ्यावरील खारी, दमट हवा लोखंडाची वैरीण. जुन्या पद्धतीच्या पिकअपमध्ये तार थेट चुंबकाच्या दांड्यांवर गुंडाळलेली असते. दांडा गंजला की तो बारीक तारेलाही खातो. मल्टिमीटरने जोडणी तुटल्याचे दाखवले तर तो पिकअप गेला असे समजावे. म्हणून येथील वादकाने मेणात बुडवून मुरवलेला, बंद आवरणाचा पिकअप पसंत करावा. जुना पिकअप वापरलेला घेताना मल्टिमीटर सोबत न्यावाच.

बसवल्यावर उंची जुळवणे उरते. शेवटच्या पडद्यावर तार दाबून पिकअप व तार यांत दोन ते तीन मिलिमीटर अंतर ठेवून सुरुवात करावी आणि पुढे कानाने ठरवावे. पिकअप फार वर घेतल्यास चुंबक तारेलाच ओढतो आणि स्वर थरथरतो. तंबोऱ्याची जवारी जशी ऐकून लावतात, तसेच हे काम.

एक सूचना मात्र पैशांपेक्षा मोलाची. बेसच्या तारा अर्थला जोडलेल्या असतात. मांडवातील जनरेटरवर किंवा अर्थिंग नसलेल्या सॉकेटवर सदोष अॅम्प्लिफायर लावला, तर तारांतूनच झटका बसू शकतो. गुणगुण घालवण्यासाठी तीन पिनांच्या प्लगमधील अर्थची पिन काढण्याचा प्रकार कधीही करू नये.

थोडक्यात, नव्या तारा, तांब्याची पट्टी, घट्ट डाख आणि योग्य उंची, हे थोड्या खर्चाचे उपाय आधी करून पाहावेत. त्यानंतरही खर्ज मनासारखा घुमला नाही, तर मापे हाती घेऊन पिकअप निवडावा. आणि जुना पिकअप टाकून देऊ नये. नव्याशी त्याची तुलना केल्यावरच आपल्याला नेमका कोणता आवाज हवा होता, हे कळते.