हिरो मोठा होतो तेव्हा...

इगतपुरीचा पाऊस म्हणजे काय, ते इथं नांदायला आलेल्या बाईलाच विचारावं. जूनमध्ये एकदा लागला की गणपती येऊन जातात, तरी घरातल्या दोरीवरचे कपडे काही वाळत नाहीत. समोरचा डोंगर धुक्यात गेला की गेला. पोरांना मैदान नाही, गच्ची नाही, अंगणही नाही. मग शाळेतून आलेली स्वारी ओलं दप्तर कोपऱ्यात टाकते आणि बसते गेम घेऊन. की स्वयंपाकघरातून आपलं सुरू, "अरे, पुरे आता! काय ती सारखी मारामारी!"

मैत्रिणींनो, हे वाक्य घराघरातलं आहे. ओरडायचा हक्क आपला आहेच, तो कोण काढून घेतोय! पण पडद्यावर नेमकं चाललंय काय, हे शेजारी बसून कधी पाहिलंय का? तिथे नुसती ढिश्यांव ढिश्यांव नसते, गोष्ट असते. आणि काही गोष्टी तर वीस-वीस, तीस-तीस वर्षं चाललेल्या असतात. अगदी आपल्या मालिकांसारख्या. 'चार दिवस सासूचे' २००१ साली सुरू झाली आणि २०१३पर्यंत चालली, तीन हजारांहून जास्त भाग! रोहिणी हट्टंगडींची आशा देशमुख आपल्या घरातलीच एक झाली होती. मुलांचंही त्यांच्या हिरोंशी असंच नातं जमतं. फरक इतकाच, की आपण आशाताईंना नुसतं बघत होतो. मुलं मात्र हिरोला स्वतः चालवतात. तो पडला की 'मी मेलो' म्हणतात. (आणि आपल्या काळजात धस्स होतं!)

न बदलणारे भिडू

सगळेच हिरो मोठे होतात असं नाही. आपला फास्टर फेणेच घ्या. भा. रा. भागवतांचा हा फुरसुंगीचा बनेश वीसेक पुस्तकांत धावला, पण शाळकरी तो शाळकरीच राहिला. १९८७मध्ये दूरदर्शनवर सुमीत राघवनने तो रंगवला, तेव्हाही तो पोरगाच होता. २०१७च्या सिनेमात अमेय वाघ फेणे झाला, तेव्हा कुठे स्वारी डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेपर्यंत पोचली.

टोपीवाला, मिशीवाला मारिओ याच जातकुळीतला. टीव्हीला जोडायच्या त्या स्वस्तातल्या व्हिडिओ गेमची 'कॅसेट' आठवते ना? शिगेरु मियामोतो यांनी १९८१ साली हा गडी पडद्यावर आणला, तेव्हा तो सुतार होता, पुढे प्लंबर झाला. १९८५पासून तो राजकन्येला सोडवायला धावतोय. इतक्या वर्षांत ना त्याचा एक केस पिकला, ना स्वभाव बदलला. लहान मुलांना असा भिडू लागतोच. आजीच्या गोष्टीतला राजा कधी म्हातारा होतो का?

सजलेली बाहुली ते हाडामांसाची पोर

पण काही हिरो बदलले, आणि त्यांच्या बदलण्यात आपल्या कामाचं बरंच काही आहे. पहिली लारा क्रॉफ्ट. 'टूम रेडर' हा तिचा खेळ १९९६मध्ये इंग्लंडमधल्या डर्बी गावी तयार झाला. जुनी थडगी, पडकी देवळं धुंडाळणारी, दोन हातांत दोन पिस्तुलं घेतलेली, कुणाला न घाबरणारी बाई! मुलगी हिरो म्हणून कौतुक झालं खरं, पण जाहिरातींत तिच्या हिमतीपेक्षा अंगावरच जास्त भर. तिला घडवणाऱ्या टोबी गार्ड यांना हा प्रकार रुचला नाही, आणि पहिल्या खेळानंतर ते कंपनी सोडून गेले.

२०१३ साली लाराची गोष्ट पहिल्यापासून नव्याने सांगितली गेली. या वेळी मुख्य लेखिका एक बाई होती, रियाना प्रॅचेट. आता लारा एकवीस वर्षांची, जहाज फुटून बेटावर अडकलेली. ती घाबरते, थंडीने कुडकुडते, तिला लागतं, रक्त येतं. पहिल्यांदा माणूस मारावा लागतो तेव्हा ती हादरून जाते. २०१८च्या खेळात तर तिच्या उतावीळपणामुळे मोठा अनर्थ ओढवतो आणि तो सल तिला छळत राहतो. आता ती शोभेची बाहुली राहिली नाही. भीती वाटत असतानाही पाऊल पुढे टाकणं म्हणजे धीर, हे आपल्या लेकींना कळायला ही लारा जास्त उपयोगाची, नाही का?

दुसरी झेल्डा. १९८६पासून मालिकेला नाव हिचं, पण तलवार लिंक नावाच्या मुलाच्या हातात. हिने बऱ्याचदा संकटात सापडायचं, त्याने सोडवायचं. घराच्या पाटीवर बाईचं नाव आणि कारभार दुसऱ्याच्या हाती, असं आपल्याकडे काय कमी पाहिलंय! शेवटी २०२४मध्ये, म्हणजे अडतीस वर्षांनी, निन्टेन्डोने मुख्य मालिकेतला एक खेळ झेल्डाच्या हाती दिला. या वेळी लिंक संकटात आणि सुटका करणारी ती. तो खेळ करणाऱ्यांत तोमोमी सानो होत्या, या मालिकेच्या पहिल्या स्त्री दिग्दर्शक.

न बोलणारा बाप

मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते मात्र क्रेटॉसबद्दल. 'गॉड ऑफ वॉर' हे नाव तुमच्या मुलाला विचारा, त्याचे डोळे चमकतील. २००५मध्ये आलेल्या पहिल्या खेळात क्रेटॉस म्हणजे ग्रीसमधल्या स्पार्टाचा योद्धा, नुसता पेटलेला माणूस. युद्धदेवाच्या कपटामुळे, रागाच्या भरात, त्याच्या हातून स्वतःची बायको आणि लेक मारली जाते. त्यांची राख शाप म्हणून त्याच्या कातडीला कायमची चिकटते. म्हणून तो असा पांढराफटक दिसतो. पुढे तो सूड घेत सुटतो. २०१०च्या खेळात तर एकेक देव मारत शेवटी जन्मदात्या बापाला, झ्यूसलाही मारतो.

इथे गोष्ट संपली असती, तर 'मारामारीचा गेम' म्हणून आपण सोडून दिलं असतं. पण २०१८मध्ये क्रेटॉस परत आला, तो दाढी वाढलेला, थकलेला. मुलूख वेगळा, पदरात एक लहान मुलगा, अट्रेअस. मुलाची आई नुकतीच गेलेली. तिची शेवटची इच्छा, की तिची राख सगळ्यात उंच शिखरावरून उधळावी. बापलेक निघतात. बापाला लढता येतं, पण पोराशी दोन शब्द बोलता येत नाहीत. नावाने हाक मारायची सोडून तो 'ए पोरा' एवढंच म्हणतो. हरणाच्या शिकारीनंतर मुलगा मनातून हललेला असतो. बापाचा हात त्याच्या पाठीवर ठेवायला पुढे येतो आणि तसाच मागे जातो. किती घरांत असे अर्ध्यात थांबलेले हात असतील!

दिग्दर्शक कोरी बार्लोग यांनी याआधी रागीट क्रेटॉसचाही एक खेळ केला होता. मधल्या काळात ते स्वतः बाप झाले होते, आणि तो अनुभव या गोष्टीत उतरलाय.

आपल्या इगतपुरीला ही गोष्ट परकी वाटू नये. रेल्वेच्या रनिंग ड्यूटीवरचा बाप रात्री-अपरात्री जातो, परतून दिवसा झोपतो. घरातलं पहिलं वाक्य, "हळू रे, बाबा झोपलेत." तो वाईट नसतो, प्रेमही असतं. पण बोलणं व्हायचं ते मार्कांवरून आणि फीवरून, बाकी सगळे निरोप आईमार्फत. आणि मुलगा शिकतो काय? की पुरुषाने बोलायचं नसतं, फार झालं तर चिडायचं असतं. क्रेटॉसलाही हीच भीती खाते. आपला राग पोरात उतरला तर? म्हणून तो आपला भूतकाळ लपवत राहतो. पण लपवल्याने पोराच्या मनात गैरसमजच वाढतात. शेवटी खरं सांगावं लागतं, आणि तिथूनच दोघं जवळ येऊ लागतात.

२०२२च्या पुढच्या भागात अट्रेअस वयात आलाय. बापाला न सांगता बाहेर जातो, खोटं बोलतो, उलट उत्तरं देतो. (ओळखीचं वाटतंय ना?) क्रेटॉस चिडतो, भितो, पण हळूहळू ऐकायला शिकतो. शेवटी मुलगा म्हणतो, मला माझ्या वाटेने जायचंय. आणि हा एके काळी देवांना न जुमानणारा माणूस त्याला जाऊ देतो.

मग आपण काय करायचं?

एक गोष्ट आधी सांगते. क्रेटॉसचे आणि लाराचे नवे खेळ लहान मुलांसाठी नाहीत. त्यात रक्तपात आहे. युरोपात त्यांच्यावर १८ वर्षांचा शिक्का आहे, अमेरिकेत १७चा. वेष्टनावर हा आकडा छापलेला असतो. मिक्सर घेताना गॅरंटी कार्ड बघतो ना, तसं हेही बघायचं. आणि वेळेची शिस्त, अभ्यास, झोप यांना सूट नाही म्हणजे नाही.

पण मोठ्या मुलाच्या शेजारी कधी शेंगा सोलत बसा आणि विचारा, "हा आधी कसा होता रे? आता असा का वागतो?" 'कितवी लेव्हल' विचारलंत तर आकडा मिळेल, 'असा का वागतो' विचारलंत तर मुलगा बोलायला लागेल. हिरोबद्दल बोलता बोलता तो स्वतःबद्दल कधी बोलू लागला, त्याचं त्यालाही कळणार नाही. जमलं तर सुट्टीच्या दिवशी बाबांनाही बसवा. काही बोलले नाहीत तरी चालेल. आणि मुलगी खेळत असेल तर तिला पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सची 'राजी' सांगा. २०२०मध्ये आलेल्या या खेळात सर्कशीतली पोर, दुर्गेचा आशीर्वाद घेऊन, राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधायला निघते. राखी बांधणारी बहीणच इथे भावाची राखण करते.

आपल्या गावाला एक गोष्ट कुणी शिकवायला नको. कसाऱ्याला गाडीच्या मागे बँकर इंजिनं लागतात. सदतीस फुटांना एक फूट असा घाटाचा चढ, तो ढकलत ढकलत गाडी वर आणतात. इगतपुरी आली की बँकर सुटतात आणि गाडी आपल्या इंजिनावर पुढे निघते. आईबापाचं कामही तेवढंच. घाट संपेपर्यंत मागून जोर लावायचा, आणि वेळ आली की सुटायचं. क्रेटॉसला ते कळायला सतरा वर्षं लागली. आपण तर रोज डोळ्यांनी बघतोय!